भाव विचारून गेलेला माणूस

१

गुरुवारी संध्याकाळी हिमानी जिना उतरून खाली आली, तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या आणि हातात चार पानी कागद होता. अंगणात चंद्रकलाबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या.

"काकू, माझ्या नावानं कोणीतरी सात जागी कर्ज मागितलं," ती म्हणाली, आणि शेवटच्या पायरीवरच बसली.

चंद्रकलाबाईंनी सूप खाली ठेवलं. मनातून त्यांना आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीत एकतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि पांढुर्ण्यातल्या या घरात येऊन बसल्यापासून त्यांना एकच दुःख होतं: कोणी काही विचारायला येत नसे. नाही म्हणायला गल्लीतलं एक हरवलेलं सिलिंडर आणि गणपतीच्या वर्गणीचं एक पाकीट त्यांनी शोधून दिलं होतं. तेव्हापासून गल्ली त्यांना फौजदारीण काकू म्हणत असे, आणि त्या रागावल्याचं सोंग करत.

हिमानी चार वर्षांपासून त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तिची नोकरी. लाथ मारणाऱ्या म्हशीला सुई टोचताना तिचा हात हलत नसे, पण आज ती चपला घालायलाही विसरली होती.

"आधी संत्रं खा," चंद्रकलाबाई म्हणाल्या. टोपलीतली संत्री हिमानीच्याच घरची होती. तिची आई दर आठवड्याला रामाकोन्याहून बसवाल्याच्या हाती पाठवायची, एकूण एक संत्र्याच्या देठाला दोन हिरवी पानं ठेवून. "आता सांग. हा कागद कायचा?"

तो हिमानीचा क्रेडिट रिपोर्ट होता. माणसानं आजवर कोणाकडून किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की नाही आणि कर्जासाठी कोणाकोणाची दारं वाजवली, ते सगळं त्यात नोंदलेलं असतं. त्यावरून एक आकडा निघतो. आकडा जितका मोठा, तितका बँकेचा जीव निर्धास्त आणि व्याज कमी.

"डिसेंबरात माझा आकडा सातशे एक्क्याऐंशी होता," हिमानी म्हणाली. "बँकेतल्या वृषाली मॅडम म्हणाल्या, वीस लाख देऊ, पावणेआठ टक्क्यांनी. आज अंतिम कागद करायला गेली, तर आकडा सातशे अडतीस. आता म्हणतात, साडेआठ टक्के, आणि वीसऐवजी सतराच लाख. महिनाभरात सात जागी कर्ज मागणाऱ्या माणसाची बँकेला भीती वाटते म्हणे. व्याज जास्तीचं एक वेळ भरीन मी. पण तीन लाख कुठून आणू? बुधवारी रजिस्ट्री आहे."

विनायकराव गुरुजींचं दोन खोल्यांचं घर ती घेत होती. दारात कडुलिंब, मागे विहीर. एक लाख बयाणा देऊन झाला होता, आणि बुधवारपर्यंत बाकी रक्कम दिली नाही तर बयाणाही जाणार आणि घरही. गुरुजींनी तर सांगून ठेवलं होतं की दुसरं एक गिऱ्हाईक घर पाहून गेलं आहे.

"घरी सांगतलं?"

"कोणत्या तोंडानं सांगू? बाबा म्हणाले होते, एकटी पोरगी कर्ज काढून घर घेते, लोक काय म्हणतील. त्या घराच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही. तीन महिने झाले, आमचं बोलणं बंद आहे." हिमानीनं संत्र्याची एकही फोड तोंडात टाकली नव्हती. "घर गेलं तर बाबांचंच खरं झालं म्हणायचं, काकू. तेच मला सहन होणार नाही."

चंद्रकलाबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. सात ओळी. सगळ्या फेब्रुवारीतल्या, सात वेगवेगळ्या कर्ज देणाऱ्यांच्या. कारण प्रत्येक ओळीत एकच, घर. आणि रक्कमही एकच, वीस लाख.

"यातलं कर्ज कोणी उचललं काय?"

"नाही. एकही नाही. नुसती विचारणा."

"मग हा चोर नाही," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "माह्या खिडकीवर दोन तऱ्हेची माणसं येत. एक तिकीट घेणारी, दुसरी भाडं विचारून परत जाणारी. खिसा कापाले आलेला माणूस भाडं विचारत नाही पोरी, तो गाडीत चढते. हा जो कोणी आहे, तो सात खिडक्यांवर भाव विचारून रिकाम्या हातानं परत गेला. आता मले सांग, तुले वीस लाख पाहिजे, हे कोणाकोणाले माहीत आहे?"

हिमानीनं बोटं मोजली. सौसरचा कर्ज-एजंट तुषार. विनायकराव गुरुजी. घरची मंडळी. मग जरा चाचरत ती म्हणाली, "आणि तुम्हाला."

"हाव. चार वर्षांची भाडेकरू जाऊन राहिली म्हटल्यावर माह्यावरही संशय घे," चंद्रकलाबाई खुशीत म्हणाल्या आणि त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

२

शुक्रवारी सकाळच्या बसनं त्या सौसरला पोचल्या. तुषारचं ऑफिस म्हणजे एका मोबाईलच्या दुकानाच्या माळ्यावर टाकलेलं टेबल. कर्ज पाहिजे असणाऱ्यांना तो बँकेपर्यंत नेऊन सोडायचा आणि त्याचं कमिशन घ्यायचा. चंद्रकलाबाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं की गुन्हेगार हाच. केसांना इतकं तेल लावणाऱ्या माणसावर त्यांचा मुळात विश्वास नव्हता.

"काकू, मी कायले करू असं?" तुषार सगळं ऐकून म्हणाला. "सात जागी नाव टाकलं की स्कोअर पडते, हे तर आमच्या धंद्यातल्या कोणालेही माहीत आहे. स्कोअर पडला तर कर्ज नाही, कर्ज नाही तर माझं कमिशन नाही. मी आपल्याच पोटावर लाथ मारीन काय?"

"कागद त तुह्याजवळ होते."

तुषारनं खण ओढला. आत हिमानीचे दोन संच टाचणी लावून पडले होते. आधार, पॅन, पगाराची पावती, अशा झेरॉक्स, आणि प्रत्येकीवर तिची निळ्या शाईची सही. "दोनच दिले होते ताईनं. दोन्ही इथेच आहेत. नंतर ती सीधी बँकेत गेली, माझी गरजच राहिली नाही."

"याचीच झेरॉक्स काढून सात केले असतील त?"

"चालत नाही नं काकू. काउंटरवाला सही बोटानं घासून पाहते. शाईची पाहिजे. आणि एकदा कागद घेतला की ठेवूनच घेते, परत देत नाही."

हे मात्र चंद्रकलाबाईंना पटलं. खिडकीतून आत गेलेला कागद त्यांनीही कधी परत दिला नव्हता. "पण फॉर्मवर तिची सही नसताना रिपोर्ट काढते कसा कोणी?"

"काढू नये. नियमात बसत नाही. पण काही जागी काउंटरवरचं पोट्टं म्हणते, पॅन द्या, आधी आकडा पाहू, फॉर्मचं मग पाहू. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून करतात. त्या गिऱ्हाइकाले काई समजतच नाही, की आपण नुसतं विचारून राहिलो अन् तिकडे नोंद होऊन राहिली."

चंद्रकलाबाई माळ्याचा जिना उतरल्या त्या जरा हिरमुसून. तेलकट केसांचा माणूस निर्दोष निघाला होता. पण एक गोष्ट पक्की झाली होती. सात विचारणा म्हणजे सात दारं, आणि सात दारं म्हणजे शाईच्या सहीचे सात संच. ज्याच्याकडे सात संच होते, तोच तो माणूस.

३

शनिवारी दुपारी त्या विनायकराव गुरुजींकडे गेल्या. गुरुजी पुस्तकांची खोकी बांधत होते. पांढुर्णा सोडून ते सौसरला मुलाकडे राहायला निघाले होते, आणि मुलाच्या घरावर वरची खोली चढवायला त्यांना हे पैसे बुधवारीच हवे होते.

"गुरुजी, दुसरा गिऱ्हाईक किती देऊन राहिला?" चंद्रकलाबाईंनी बसता बसताच विचारलं.

गुरुजींनी दोरीची गाठ उगाच दोनदा आवळली. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या माणसाची ती अडचण होती. "त्याचं असं आहे बाई, किंमत काही बोलला नाही तो."

"किंमत न विचारता घर पाहून गेला?"

"हो ना. वीस-एक दिवस झाले असतील. साठीच्या पुढचा गृहस्थ, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. नाव विचारलं तर म्हणाला, असाच आलो. सगळ्या भिंतींना टिचक्या मारून पाहिल्या. विहिरीत दोर सोडून पाणी मोजलं. पावसात कोणती भिंत ओलावते ते विचारलं. दाराची कडी आतून नीट लागते का, हे तर तीन वेळा लावून पाहिलं. मला वाटलं, गिऱ्हाईकच असणार. हिमानीनं घाई करावी म्हणून मी तिला तसं सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं म्हणा." गुरुजी ओशाळले. "माणूस मोठा भला होता. जाताना पिशवीभर संत्री ठेवून गेला."

"उरली आहेत काय त्यातली?"

फडताळात दोन संत्री उरली होती, सुकून कडक झालेली. पांढुर्ण्यात संत्री कोणाच्या घरात नसतात? पण चंद्रकलाबाईंनी त्यातलं एक उचललं, देठाकडून नीट पाहिलं, आणि गुरुजींना न विचारताच आपल्या पिशवीत टाकलं.

"काय झालं?" गुरुजी म्हणाले.

"काई नाही. घर विकत घेणारा माणूस घरवाल्याले आधीच संत्री खाऊ घालत नाही, इतकंच. भाव पाडायचा राहते नं त्याले."

घरी येऊन त्यांनी हिमानीला एकच प्रश्न विचारला. "सह्या केलेले संच किती काढले होते तू?"

"दहा. पुन्हा पुन्हा दुकानात कोण जाईल, म्हणून एकदाच काढले. एक बँकेत दिला, दोन तुषारला. बाकीचे सात..." हिमानी बोलता बोलता थांबली. "दिवाळीत घेऊन गेली होती मी. रामाकोन्याला आहेत, पत्र्याच्या पेटीत."

चंद्रकलाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"काकू, अंकुरला पिकअप गाडी घ्यायची आहे," हिमानी अगदी हळू म्हणाली. अंकुर तिचा धाकटा भाऊ. "संत्री नागपूरला न्यायला. दोन वर्षांपासून पैशासाठी बाबांच्या मागे लागला आहे. तोच असला तर मला काही विचारू नका. घर गेलं तर जाऊ द्या, मी भावावर तक्रार करणार नाही."

४

रविवारी दोघी रामाकोन्याला पोचल्या तेव्हा हिमानीची आई अंबाबाई ओट्यावर बसून सदऱ्यावर पाणी शिंपडत होती. शेजारी इस्त्री तापत होती. लेकीला पाहून तिचा चेहरा उजळला, आणि मागे चंद्रकलाबाई दिसताच ती चहा टाकायला उठली.

हिमानी सरळ आत गेली आणि तिनं पत्र्याची पेटी उघडली. जुने फोटो होते, तिच्या शाळेचे दाखले होते. सात संच नव्हते.

अंकुर मागच्या दारानं आत आला तो उसाचं कांडं चावत. बहिणीचं तोंड पाहून त्यानं ते बाहेर टाकलं. "काय झालं बाई?"

"माझे कागद कुठे आहेत अंकुर?"

"कोणते कागद?"

"वीस लाखांसाठी सात बँकांत गेलेले."

अंकुर आधी गोंधळला, मग त्याला हसू आवरेना. "मी? बँकेत? अवं, मले पिकअपचं कर्ज मोबाईलवरच मंजूर झालं, मागच्या सोमवारी. हे पाय." त्यानं फोन पुढे केला. त्याच्याच नावावर, त्याच्याच पॅनवर मंजूर झालेलं गाडीचं कर्ज. "सात बँकांच्या पायऱ्या कोण चढते? मले त एटीएमच्या लाइनीत उभं राहायचा कंटाळा येते."

हिमानीनं पेटीचं झाकण लावलं. सुटकेनं तिला रडू येत होतं आणि पेच तर आणखी वाढला होता. मग कोण?

"अंबाबाई," चंद्रकलाबाईंनी चहाचा कप घेत सहज विचारलं, "हा सदरा केशवरावांचा काय?"

"होय नं. फेब्रुवारीचा पूरा महिना माह्या हाताले इस्त्रीच होती, अन् आताही अधूनमधून सुरूच आहे," अंबाबाई वैतागून म्हणाली. "लग्नसराई नाही, काई नाही. रोज काहून पाहिजे इस्त्रीचा सदरा? विचारलं त म्हणते, काम आहे."

"आता कुठे आहेत?"

"बागेत. व्यापारी आला आहे."

मृग बहाराची संत्री झाडांवर पिवळी झाली होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, केशवराव उभे होते, उंच, सडपातळ, आणि समोर एक व्यापारी डायरी काढून. झाडांवरच्या मालाचा सौदा चालला होता. चंद्रकलाबाई आणि हिमानी आंब्याखाली थांबून ऐकू लागल्या.

"तू सहावा आहेस," केशवराव व्यापाऱ्याला सांगत होते. "पाचव्यानं जे सांगतलं, त्याच्या वर बोलत असशील त बोल. नाही त सातवा दुपारी येऊन राहिला."

व्यापारी कुरकुरला, डायरीत काहीतरी खोडलं, आणि आकडा वाढवून बोलला.

चंद्रकलाबाईंच्या चेहऱ्यावर, दोन दिवसांपासून अडलेली गाडी सुटावी तसं हसू पसरलं. व्यापारी फटफटीवर बसून गेला. त्या पुढे झाल्या, पिशवीतून सुकलेलं संत्रं काढलं आणि केशवरावांच्या हातावर ठेवलं. देठाला दोन वाळलेली पानं अजून चिकटून होती.

"केशवराव," त्या म्हणाल्या, "गुरुजींच्या घराची भिंत कशी वाटली?"

५

केशवरावांनी संत्रं देठाला धरून फिरवून पाहिलं. लेक आंब्याखाली उभी होती, तिकडे त्यांनी मान वळवली नाही.

"भिंत चांगली आहे," ते म्हणाले. "पाया पक्का आहे. मागची कडी ढिली आहे, ती बदलाले सांगा तिले."

"अन् बँका?"

"तुमाले कसं समजलं?"

"सात जागी कर्ज विचारलं अन् एका जागचंही घेतलं नाही, म्हणजे चोर नाही, भाव काढणारा. सातही जागी बरोबर वीस लाखच सांगतले, म्हणजे आतल्या गोटातला. शाईच्या सहीचे सात कागद फक्त या घरात होते. घरात तिघं. अंबाबाई घराबाहेर पडत नाही, अंकुर बँकेची पायरी चढत नाही. उरला इस्त्रीचा सदरा. तोच सदरा गुरुजींकडे भिंतीले टिचक्या मारून आला, अन् दोन पानांची संत्री ठेवून आला. पण काहून, ते मले आता समजलं, तुमचा सौदा पाहून."

केशवरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पोट्टी एकाच बँकेत गेली होती. एकाच. हिची माय म्हणाली. मी म्हनलं, हिले कोणी भाव करायचं शिकवलंच नाही काय? एका व्यापाऱ्याले बाग दाखवून कोणी माल विकते? सात जणांले दाखवा, एकमेकांचा भाव सांगा, मंग खरा भाव निघते. पण मी त बोललो होतो नं, त्या घराशी माहा काई संबंध नाही. म्हणून सांगतलं नाही. म्हनलं, सगळ्यात कमी व्याजाची बँक काढतो अन् चिठ्ठी मायच्या हातून पाठवतो."

"काय भाव निघाला मग?"

"तेच त मले समजून नाही राहिलं बाई." केशवरावांच्या आवाजात पहिल्यांदाच खरी तक्रार आली. "पहिल्यानं सव्वाआठ सांगतला. दुसऱ्याले म्हनलं, तो सव्वाआठ देऊन राहिला. त्यानं मशीनवर काई तरी पाहिलं अन् म्हनला, साडेआठ. असं करता करता सातवा साडेनऊवर गेला. उभ्या जन्मात असा उलटा बाजार मी पाहिला नाही. म्हणून चिठ्ठी पाठवलीच नाही."

हिमानीला हसावं की रडावं कळेना. आंब्याखालून ती पहिल्यांदा बोलली, पण तीही चंद्रकलाबाईंनाच उद्देशून. "काकू, त्यांना सांगा, मला पावणेआठनं मिळत होतं."

केशवराव चपापले. चंद्रकलाबाईंनी मग त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं.

"केशवराव, समजा सात व्यापारी एक बाग पाहून गेले, अन् माल अजून झाडावरच आहे. आठव्या व्यापाऱ्याले हे समजलं, त तो काय म्हणंल?"

"म्हणंल, बागेले कोळशी लागली असंल," केशवराव पटकन म्हणाले. "नाही त सात जण सोडून कसे..."

वाक्य तोंडातच राहिलं. कोळशीनं काळी पडलेली झाडं त्यांनी दुसऱ्यांच्या बागेत पाहिली होती, आणि त्या मालाचा भाव कसा पडतो तेही. आपण आपल्याच लेकीच्या चांगल्या बागेवर सात वेळा काळं बोट ठेवून आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं तसे ते धुऱ्यावरच बसले.

"तुम्ही विकणारे नव्हता, मागणारे होता," चंद्रकलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "प्रत्येक दारात नोंद होत गेली. पुढच्याले वाटलं, हिले कोणी देऊन नाही राहिलं."

केशवरावांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं. "घर जाते काय हिमानी?"

"तीन लाख कमी पडतात, बाबा," ती म्हणाली. "बुधवारपर्यंत."

"माल विकून टाकतो. सहाव्याले बोलावतो परत."

"त्याचे पैसे तोडणी झाल्यावर येतात. तुम्हालाच माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. मग चंद्रकलाबाईंनी विचारलं, "केशवराव, तुमच्या स्वतःच्या नावावर कधी कर्ज होतं?"

"शेतीचं आहे नं. किसान कार्डाचं. दरसाल उचलतो, दरसाल भरतो."

"कधी उशीर?"

केशवरावांनी असं पाहिलं की तो प्रश्न पुन्हा विचारायची हिंमत कोणाला झाली नसती.

"मग उद्या सदऱ्याले आखरी डाव इस्त्री करा," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "आठव्या खिडकीवर जायचं आहे."

६

सोमवारी पांढुर्ण्याच्या बँकेत वृषाली मॅडमनी सगळी हकिगत ऐकली आणि टेबलावरचं पाणी पिऊन टाकलं. हसताना ठसका लागला होता.

"सात विचारणा मला पुसता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "सही नसताना रिपोर्ट काढले म्हणून तक्रार करा, ती मी लिहून देते. पण तिचा निकाल लागायला महिना जाईल. बुधवारसाठी एकच रस्ता आहे. काका सहअर्जदार झाले, तर आमच्याकडे दोघांपैकी ज्याचा आकडा चांगला, त्यावर दर ठरतो, आणि बागेचं उत्पन्न धरलं की रकमेचाही प्रश्न मिटतो. मात्र काकांचा रिपोर्ट काढावा लागेल. आणि काका, यापुढे कुठे विचारायला जायचं नाही. पानठेल्यावरसुद्धा नाही."

"एकदम बंद," केशवराव म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर काय येतंय ते त्यांच्या चेहऱ्यावरून वाचायचा चंद्रकलाबाई प्रयत्न करत होत्या. हिमानीनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मॅडमची मान पडद्याच्या जवळ गेली, मग आणखी जवळ.

"आठशे नऊ," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांचं खातं. एका दिवसाचाही उशीर नाही. हिमानी, वीस लाख आणि पावणेआठ. बुधवारी चेक तयार असेल."

हिमानीनं धरलेला खुर्चीचा हात सोडला. चंद्रकलाबाईंनी पिशवीतून सुपारी काढून तोंडात टाकली, आपणच कर्ज मंजूर केल्यासारखी.

मॅडम अजून पडद्याकडेच पाहत होत्या. "काका, एक विचारू? तुमच्या नावापुढे विचारणा एकच दिसते, आत्ता मी केलेली. बाकी सगळी वर्षं तीच एक बँक. शेजारच्या शाखेत कधी दर विचारला असता तर तुम्हाला स्वस्तात मिळालं असतं. एवढे भाव काढणारे तुम्ही, कधी विचारलंच नाही?"

"स्वतःसाठी कायले विचारायचं?" केशवराव म्हणाले. "जे देत ते घेत गेलो."

त्यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं आणि पेनचं टोपण लावलं. हिमानी त्यांच्याकडे पाहत राहिली. चार पानी कागद चार रात्री तिच्या उशाशी होता, त्यातल्या सात ओळी तिला पाठ झाल्या होत्या. स्वतःसाठी बावीस वर्षांत दुसरं एकही दार न वाजवलेला हा माणूस तिच्यासाठी सात दारांत जाऊन उभा राहिला होता, इस्त्रीचा सदरा घालून. तिला भडभडून आलं, आणि या वेळी तिनं ते लपवलं नाही.

"रडून नको राहू," केशवराव घाबरून म्हणाले. "मॅडम पाहून राहिल्या. आकडा पडंल."

बुधवारी रजिस्ट्री झाली. संध्याकाळी गुरुजींनी किल्ली दिली, अंबाबाईनं दाराला तोरण बांधलं, अंकुर दुकानातून नवी कडी घेऊन आला. केशवराव तेवढे कडुलिंबाखाली उभे होते. उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं बोलून बसलेला माणूस आता काय करतो, ते पाहायला चंद्रकलाबाई मुद्दाम थांबल्या होत्या.

हिमानी दारात आली. "बाबा, कडी तुमच्याशिवाय नीट बसणार नाही."

केशवरावांनी चपला काढल्या, अंकुरच्या हातून कडी घेतली, आणि उंबऱ्यावर पाय न ठेवता तो मोठं पाऊल टाकून ओलांडला. आत जाऊन त्यांनी सवयीनं भिंतीला एक टिचकी मारली.